शेवटच्या परिच्छेदात काय लिहायचं?

"मुद्दे सगळे लिहून झाले, आता शेवट काय करू?" निबंध लिहिणाऱ्यांच्या तोंडून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. दहावीतला मुलगा तो विचारतो, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी पदवीधर मुलगी विचारते, आणि दिवाळी अंकासाठी पहिल्यांदाच लेख लिहायला घेतलेले निवृत्त प्राध्यापकही विचारतात. सुरुवात अडली की माणूस पेन हातात धरून बसून राहतो. शेवट अडला की मात्र समोर येईल ते लिहून मोकळा होतो. 'अशा प्रकारे', 'थोडक्यात काय तर', 'शेवटी एवढंच म्हणावंसं वाटतं' यांपैकी एखादी सुरुवात, वर सांगितलेल्या मुद्द्यांची धावती उजळणी आणि तळाला एखादा सुविचार. निबंध संपला.

हा परिच्छेद फुकट जातो याचं वाईट वाटतं, कारण वाचणारा तिथे सर्वांत तयार असतो. तुमची कारणं, उदाहरणं, आकडे सगळं वाचून तो तिथवर आलेला असतो. पहिल्या परिच्छेदात जे सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली नसती, ते इथे सांगता येतं. परीक्षक गुण मांडतो तेही हा परिच्छेद वाचून झाल्या झाल्या. म्हणून या प्रकरणात फक्त त्या एका परिच्छेदाबद्दल बोलायचं आहे.

१. यादी आणि बेरीज

वाण्याचं बिल डोळ्यांपुढे आणा. तूरडाळ 160, साखर 45, गोडेतेल 150, चहा 120. खाली रेघ, आणि रेघेखाली 475. हा 475 आकडा वरच्या कुठल्याही ओळीत नव्हता, म्हणजे तो नवा आहे. आणि तरीही वरच्या ओळींत नाही असं त्यात काहीच आलेलं नाही. निबंधाचा निष्कर्ष असा असतो: मधल्या परिच्छेदांत कुठेही सबंध सांगितलेला नाही, पण त्यांच्यातूनच आलेला.

बहुतेक फसलेले शेवट या एका कसोटीवर ओळखता येतात. कुणी बेरीज न करता यादीच पुन्हा वाचून दाखवतो: डाळ घेतली, साखर घेतली, तेल घेतलं. कुणी रेघ मारून झाल्यावर नवी वस्तू घालतो, म्हणजे शिक्षणावरच्या निबंधाच्या शेवटच्या चार ओळींत अचानक पर्यावरण येतं. आणि कुणी दुसऱ्याच बिलाची बेरीज आणून लिहितो. वाचनाच्या सवयीवरचा निबंध 'प्रयत्नांती परमेश्वर' असा संपतो तेव्हा तसंच झालेलं असतं.

२. पाच अवयव, आणि पाचव्यावरचा वाद

निष्कर्षाचं नेमकं काम कोणतं, यावर आपल्याकडे फार पूर्वी आणि फार बारकाईने विचार झाला आहे. तो विचार निबंधलेखनाच्या पुस्तकांत नाही, तर्कशास्त्रात आहे. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून द्यायची तर बोलणं कोणत्या क्रमाने जावं, याचे पाच टप्पे सांगितले आहेत. त्यांना अवयव म्हणतात. न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ते ज्या उदाहरणातून शिकवले जातात, तेच इथे घेऊ.

प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे.
हेतू: कारण तिथे धूर दिसतो आहे.
उदाहरण: जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात.
उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे.
निगमन: म्हणून डोंगरावर आग आहे.

पहिलं आणि पाचवं वाक्य शेजारी ठेवून पाहा. एका 'म्हणून'चा फरक आहे. मग पाचव्याची गरजच काय? ही शंका जुन्या काळीही घेतली गेली. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी पाचऐवजी तीन अवयव पुरेत असं मानलं, आणि बौद्ध तार्किकांनी त्याहूनही कमी पुरतात असं सांगितलं. निगमन म्हणजे निव्वळ पुनरुक्ती, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्या वर्गात बसून कंटाळलेला एखादा हुशार विद्यार्थीही हेच म्हणेल.

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी याला दिलेलं उत्तर निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं असं की आधीचे चारही अवयव आपापलं काम करून सुटे उभे असतात. ते सगळे मिळून एकच गोष्ट सिद्ध करत आहेत, हे निगमन दाखवतं. चौघांना एका अर्थाशी बांधण्याचं काम त्याच्याकडे आहे.

आता दोन वाक्यांमधला खरा फरक दिसतो. 'डोंगरावर आग आहे' हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो एक दावा होता आणि ऐकणारा 'कशावरून?' असं विचारू शकत होता. पाचव्या वाक्याच्या वेळी तो प्रश्न उरलेला नसतो. वाक्य जवळजवळ तेच आहे, पण ऐकणारा तो राहिलेला नाही. आणि बदललेल्या माणसाशी आपण आधीच्याच शब्दांत बोलत नाही. तर्कशास्त्रात शब्द तेच ठेवणं भाग असतं, कारण तिथे अर्थ केसभरही सरकून चालत नाही. निबंधात तशी सक्ती नाही.

यातून एक साधी परीक्षा मिळते. आपला शेवटचा परिच्छेद उचलून निबंधाच्या सुरुवातीला ठेवा. एकही शब्द न बदलता तो तिथे चपखल बसला तर तो निष्कर्ष झालेला नाही, ती दुसऱ्यांदा लिहिलेली प्रस्तावना आहे. खरा निष्कर्ष सुरुवातीला ठेवला की वाचणारा गोंधळतो: ही कोणती गोष्ट, कुठली माणसं, कसला हिशेब? मधलं वाचल्याशिवाय तो कळतच नाही.

आक्षेप घेणाऱ्यांच्याही पदरात काही घालायला हवं. धूर पाहून ऐकणारा स्वतःच 'अरे, आग!' असं म्हणणार असेल तर पाचवं वाक्य खरोखरच जास्तीचं होतं. दीडशे शब्दांचं तक्रारपत्र, छोटी बातमी, एकाच प्रसंगाचं टिपण, अशा ठिकाणी वेगळा समारोप मुळीच लिहू नये. मजकूर संपला की थांबावं.

३. एक निबंध, चार शेवट

आता प्रत्यक्ष लिहून पाहू. विषय घेऊ 'ग्रामीण भाग आणि एसटी'. आपली प्रतिज्ञा अशी: केवळ तिकिटाच्या उत्पन्नावरून गावची फेरी बंद करू नये. मधल्या परिच्छेदांत चार गोष्टी आल्या आहेत असं धरू. पहिल्यात थोडा इतिहास: 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काही दशकांत ती गावोगाव पोचली. दुसऱ्यात एका कल्पित गावाचं चित्र: शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल तालुक्याला, सकाळी साडेसहाच्या गाडीने चौदा मुली जातात आणि सगळ्यांकडे पास असतो. तिसऱ्यात म्हातारी माणसं, सरकारी दवाखाना आणि आठवडे बाजार. चौथ्यात विरुद्ध बाजू: महामंडळावर तोट्याचं ओझं आहे, अर्धी रिकामी गाडी रोज दोन वेळा पळवणं परवडत नाही.

शेवट पहिला:

"अशा प्रकारे एसटी ही ग्रामीण भागाची जीवनवाहिनी आहे. ती विद्यार्थी, वृद्ध, शेतकरी अशा सर्वांना उपयोगी पडते. म्हणून एसटीच्या फेऱ्या बंद होऊ नयेत."

यात चुकीचं काही नाही. पण हा परिच्छेद सुरुवातीला ठेवून पाहा, सहज बसतो. शिवाय चौथ्या परिच्छेदातला तोटा इथे नाहीसा झाला आहे. लिहिणाऱ्याने विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली आणि शेवटी तिच्याकडे पाठ फिरवली. वाचणाऱ्याला ती आठवत असते, आणि ती जिथल्या तिथे पडून राहिल्याने त्याला निष्कर्ष पटत नाही.

शेवट दुसरा:

"आज प्रदूषणाची समस्या उग्र रूप धारण करीत आहे. सार्वजनिक वाहतुकीचा वापर वाढला तर इंधनाची बचत होईल आणि पर्यावरणाचे रक्षण होईल."

मुद्दा चांगला आहे, पण त्याची जागा मध्ये होती. शेवटच्या तीन ओळींत आलेल्या मुद्द्याला ना कारण देता येतं, ना उदाहरण. नवा मुद्दा शेवटी सुचला आणि तो खरोखर जोरकस वाटला, तर तो वर नेऊन त्याला स्वतःचा परिच्छेद द्यावा. तेवढा वेळ नसेल तर सोडून द्यावा.

शेवट तिसरा:

"या प्रश्नाकडे शासनाने, समाजाने आणि प्रत्येक नागरिकाने गांभीर्याने पाहण्याची गरज आहे."

मराठी निबंधांत सर्वांत जास्त वापरलं गेलेलं वाक्य कदाचित हेच असेल. सगळ्यांना सांगितलेलं काम कुणालाच सांगितलेलं नसतं. गांभीर्याने पाहायचं म्हणजे कुणी, काय, कधी करायचं, यातलं काहीच त्यात नाही.

आता पहिल्याच शेवटावर काम करू. 'अशा प्रकारे' खोडलं तरी काही बिघडत नाही, म्हणून खोडू. 'जीवनवाहिनी' हा शब्द इतक्या ठिकाणी वापरला गेला आहे की तो वाचताना डोळ्यांपुढे काहीच येत नाही. त्याच्या जागी चार परिच्छेदांतली सर्वांत वजनदार गोष्ट आणायला हवी. कोणती? म्हातारी माणसं एखाद्या वेळी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात जातील, बाजाराला जीप मिळेल. पण आठवीतल्या मुलीला रोज जीपने पाठवायला घरचे धजत नाहीत, आणि फेरी बंद झाली की तिची शाळाही बंद होते. म्हणजे वजन दुसऱ्या परिच्छेदात आहे. 'विद्यार्थी, वृद्ध, शेतकरी' अशी सरसकट माळ लावण्यापेक्षा त्या मुली पुढे आणू. आणि तोट्याचं काय? तो मान्य करू, पण त्याला मर्यादा घालू. एवढं केलं की चौथा शेवट तयार होतो:

"साडेसहाच्या गाडीतल्या चौदाही मुलींकडे पास आहे, त्यामुळे वाहकाच्या यंत्रात ती गाडी जवळजवळ रिकामी दिसते. तोटा खरा आहे. आगाराने वेळा बदलाव्यात, लहान गाडी पाठवावी, दुपारची फेरी कमी करावी. पण सकाळची फेरी ठेवायची की नाही हे ठरवताना उत्पन्नाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: ही गाडी नसती तर किती जणी आठवीत गेल्याच नसत्या."

पहिल्या शेवटाच्या दुपटीहून थोडा जास्त लांब आहे, पण यातली प्रत्येक मुख्य गोष्ट मधल्या परिच्छेदांतून आली आहे. गाडी, चौदा मुली, पास, तोटा सगळं आधी येऊन गेलेलं. नवीन आहे ती त्यांची मांडणी. 'पासमुळे गाडी रिकामी दिसते' हे मध्ये कुठेही थेट म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदाची गाठ मारली तेव्हा ते दिसलं. 'फेऱ्या बंद होऊ नयेत' असा कोरडा उपदेशही उरलेला नाही. आगाराने काय करावं आणि काय मोजावं, हे दोन्ही सांगून झालं. 'म्हणून' हा शब्द कुठेही नाही, तरी तो ऐकू येतो.

४. दोन टोकं एकत्र वाचणं

निष्कर्ष स्वतःपुरता चांगला असूनही निबंधाचा नसतो, असं पुष्कळदा होतं. ते तपासण्याची रीत मीमांसकांकडून मिळते. एखाद्या ग्रंथाचं तात्पर्य काय हे ठरवण्यासाठी त्यांनी सहा खुणा सांगितल्या. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, ही जोडी मिळून पहिली खूण. मग अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट. अपूर्वता म्हणजे नवेपणा. फल म्हणजे त्यातून निघणारा परिणाम. अर्थवाद म्हणजे स्तुतीखातर किंवा निंदेखातर आलेला मजकूर. आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवाद. सहांमध्ये आरंभ आणि शेवट यांना पहिली जागा आहे आणि त्यांना वेगळं मोजलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात या कसोट्या समजावून सांगितल्या आहेत आणि गीतेला लावल्या आहेत. युद्ध करणार नाही म्हणून अर्जुन खाली बसतो तिथे आरंभ, आणि सांगशील तसं करतो म्हणून तो उभा राहतो तिथे शेवट. या दोन टोकांमध्ये जो उपदेश झाला तो कर्म सोडायला सांगणारा कसा असेल, असं टिळक विचारतात. गीतेचं तात्पर्य संन्यासात मानणाऱ्यांना हे मान्य होणार नाही, तो वाद मोठा आहे. पण वाचण्याची ही रीत आपल्या वहीतल्या निबंधालाही लागू पडते.

मधली पानं हाताने झाका. फक्त पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा. पहिल्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्यात आहे का? समजा, निबंध सुरू झाला 'मोबाइलमुळे मुलांचं वाचन कमी झालं आहे का?' असा आणि संपला 'पालकांनी मुलांसाठी वेळ काढायला हवा' असा. दोन्ही वाक्यं ठीक आहेत, पण ती एका निबंधाची नाहीत. मध्ये कुठेतरी विषय मुलांकडून पालकांकडे सरकला.

अशा वेळी माणसं शेवट बदलतात. मी म्हणेन, आधी सुरुवात बदलून पाहा. लिहिता लिहिता तुम्ही पालकांपर्यंत पोचलात याचा अर्थ तुम्हाला खरं बोलायचं होतं ते त्यांच्याबद्दलच, आणि ते तुम्हाला लिहिल्यावर कळलं. मग प्रश्नच असा करा: 'मुलाच्या हातात मोबाइल येतो तेव्हा घरातली मोठी माणसं काय करत असतात?' आता तोच शेवट जागेवर बसतो. निबंधाचं पहिलं वाक्य सर्वांत शेवटी पक्कं करावं, असं अनुभवी लेखक सांगतात ते यासाठीच.

मुद्द्यांच्या उजळणीला कुठेच जागा नाही असं मात्र नव्हे. 'गीतारहस्या'चं शेवटचं, पंधरावं प्रकरण 'उपसंहार' याच नावाचं आहे. शेकडो पानांच्या ग्रंथाला एक सबंध प्रकरण समारोपासाठी लागतं, कारण तिसऱ्या प्रकरणातलं पंधराव्यापर्यंत वाचकाला आठवत असेलच असं नाही. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात भाषणाच्या समारोपाची जी कामं सांगितली, त्यांतही झालेल्या मुद्द्यांची आठवण करून देणं हे एक काम आहे. न्यायसभेतल्या श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही, हे लक्षात घेतलं की ते पटतं. चारशे शब्दांच्या निबंधाला हा नियम लावण्याचं कारण नाही. तिथे वाचकाची नजर अजून पहिल्या परिच्छेदापासून फार दूर गेलेली नसते.

५. 'मग काय?'

निगमन झालं, दोन्ही टोकं जुळली. आता एक पाऊल पुढे टाकायचं का? चांगल्या निबंधांत हे पाऊल पुष्कळदा असतं. वाचणारा मनात म्हणत असतो, 'पटलं. मग काय?' त्याला दिलेलं उत्तर म्हणजे हे पाऊल.

त्याचा एक नमुना म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 रोजीचं घटना समितीतलं भाषण मुद्दाम वाचावं. दुसऱ्या दिवशी राज्यघटना स्वीकारली जाणार होती. भाषणाचा पहिला भाग घटनेवरच्या टीकेला उत्तरं देण्यात जातो. मग ते स्वातंत्र्य आणि लोकशाही टिकेल का या चिंतेकडे वळतात आणि इशारे देतात: आंदोलनाचे घटनाबाह्य मार्ग सोडा, राजकारणात विभूतिपूजा नको, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल ठेवणार आहोत, हे ते स्पष्ट सांगतात. या सगळ्यानंतरचा शेवट छोटा आहे. आता स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा काही बिघडलं तर इंग्रजांकडे बोट दाखवण्याची सोय राहिली नाही, दोष आपलाच असेल. तेव्हा वाटेतली संकटं ओळखायला आणि दूर करायला दिरंगाई करू नका.

घटना पूर्ण झाल्याच्या प्रसंगी समारोपात घटनेची थोरवी गायली असती तर कुणाला खटकलं नसतं. पण भाषणाची बेरीज ती नव्हती. इतका वेळ मांडलेल्या प्रत्येक मुद्द्यातून जबाबदारीच निघत होती, आणि शेवटी ती समोरच्या माणसांच्या हाती दिली गेली. तिसऱ्या शेवटातल्या 'प्रत्येक नागरिकाने गांभीर्याने पाहावे' या वाक्याशी हे ताडून पाहा. दोन्हीकडे सांगणं सर्वांनाच आहे. एकीकडे मात्र सबब काढून घेतलेली आहे, आणि ती कोणती हेही सांगितलं आहे.

पुढे टाकलेलं पाऊल किती मोठं असावं? मध्ये जेवढी तयारी झाली तेवढंच. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारं पसायदान साऱ्या विश्वासाठी मागणं मागतं. त्या ओव्या नऊ आहेत, आणि त्यांच्या आधी सुमारे नऊ हजार ओव्या होऊन गेल्या आहेत. एवढ्या निरूपणानंतर विश्वापर्यंत जाण्याचा तो अधिकार आहे. 'माझा आवडता सण' या पानभराच्या निबंधाच्या तळाशी पसायदानातली ओळ लिहिली की ओळ तीच असूनही ती तिथे पोचत नाही. कवितेची किंवा संतवचनाची ओळ शेवटी घ्यायचीच असेल तर ती आधी एकदा मध्ये येऊ द्यावी, तिच्यावर दोन वाक्यं बोलावीत. मग शेवटी ती आपली वाटते.

६. ललित निबंध वेगळा चालतो

इथवर जे सांगितलं ते मत मांडणाऱ्या निबंधाबद्दल. आठवण, व्यक्ती, प्रसंग, ऋतू यांवर लिहिताना प्रतिज्ञा नसते, त्यामुळे निगमनही नसतं. तिथे शेवटाचं काम एखादा प्रसंग करतो.

इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख याचं सुंदर उदाहरण आहे. 1949 साली आलेल्या त्याच नावाच्या संग्रहात तो आहे. एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते ती घरातल्या नामवंत माणसांची कुणीतरी म्हणून. नाती सांगून होतात, पण तिच्या मनाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. परतताना रस्त्यावरची मुलं तिच्याकडे पाहून आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून तिला ओळखतात. सभेत अपुरी राहिलेली ओळख तिथे पुरी होते आणि लेख थांबतो. बायकांची ओळख नेहमी दुसऱ्यांवरून का ठरते, स्वतः विदुषी असलेल्या स्त्रीलाही आईपणात पूर्णता का वाटते, यांवर पानंच्या पानं लिहिता आली असती. त्यातलं काहीही लिहिलेलं नाही. वाचणारे मात्र आजही त्यावर वाद घालतात.

ललित लेखनाचा शेवट बिघडतो तो बहुधा प्रसंगानंतर आलेल्या एका वाक्याने. आजोबांनी नातवाची फाटलेली वही शिवून दिली, इथपर्यंत सगळं छान असतं. मग येतं, 'खरंच, वडीलधाऱ्यांचं प्रेम असंच निःस्वार्थी असतं.' हे वाक्य खोडून पाहा. वही शिवलेली दिसत राहते.

७. अगदी शेवटचं वाक्य

मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, आणि लेखी मराठीत ते पुष्कळदा 'आहे', 'होते', 'आवश्यक आहे', 'करण्यात यावे' असं निर्जीव असतं. निबंधाचं शेवटचं वाक्य असं संपलं की सगळा जोर गळून जातो. एसटीच्या निबंधाचं शेवटचं वाक्य असंही लिहिता आलं असतं: 'ही गाडी नसती तर किती मुली आठवीत गेल्या नसत्या, या बाबीचाही विचार केला जाणे आवश्यक आहे.' अर्थ तोच. पण वाचून झाल्यावर कानात 'आवश्यक आहे' उरतं, आणि मुली मध्येच कुठेतरी राहतात. आपण आधी केलेल्या वाक्यात रकान्याची गोष्ट पुढे घेतली आणि 'आठवीत गेल्याच नसत्या' हे टोकाला ठेवलं. तो 'च' सुद्धा काम करतो. आपली भाषा शब्दांचा क्रम बदलायला मोकळीक देते, ती मोकळीक शेवटच्या वाक्यात जरूर घ्यावी. वाक्य मोठ्याने वाचलं की जोर कुठे पडतो ते लगेच कळतं.

उद्गारचिन्हं आणि तीन टिंबं यांनी शेवट वजनदार होत नाही, ती काढावीत. प्रश्नाने शेवट करायला हरकत नाही, पण त्या प्रश्नाचं उत्तर निबंधाने दिलेलं हवं. 'आपण कधी जागे होणार?' हा प्रश्न कुठल्याही निबंधाखाली लावता येतो, म्हणून तो कुठल्याच निबंधाचा नाही.

८. घड्याळात पाच मिनिटं उरली असताना

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर 250 गुणांचा असतो. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्दांचे, आणि ते मराठीतही लिहिता येतात. इतकं लिहिताना शेवटासाठी वेळ अपुरा पडतो. यावर उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. कच्चे मुद्दे काढून झाले की त्यांच्याखाली एक रेघ मारा आणि बेरजेचं एक वाक्य कच्चं का होईना लिहून ठेवा. लिहिताना ते बदलेल, बदलू द्या. पण हात कुठे जायचं हे ठरवून चालतो. हजार शब्दांच्या निबंधाला शंभरेक शब्दांचा समारोप पुरतो, शाळेतल्या निबंधाला चार-पाच ओळी.

आणि तरीही घंटा व्हायला आली, शेवटचा मुद्दा अर्धवट आहे, तर? मुद्दा सोडा, शेवट लिहा. अर्धा राहिलेला मुद्दा परीक्षकाला कदाचित जाणवणारही नाही, पण शेवट नसलेला निबंध पहिल्या नजरेत कळतो. अशा वेळी दोनच वाक्यं लिहायची: एकात आपलं सर्वांत भक्कम कारण, दुसऱ्यात त्यावरून निघणारी प्रतिज्ञा. समजा, विषय आहे गावातली ग्रंथालयं, आणि मध्ये तुम्ही पुस्तकं, निधी, इमारत आणि वेळ यांबद्दल लिहिलं आहे. भक्कम कारण वेळेचं आहे. मग शेवटच्या मिनिटाला एवढं लिहिता येईल:

"ग्रंथालय दुपारी दोन ते पाच उघडं असतं, आणि त्या वेळी गावातला प्रत्येक कमावता वाचक शेतावर किंवा कारखान्यात असतो. नवी पुस्तकं पुढच्या वर्षी घेता येतील, दार मात्र उद्यापासून संध्याकाळी उघडायला हवं."